मुका कीबोर्ड आणि अप्पांची भरलेली बॅग

आदरणीय ताई,

तुम्हाला आणि भावोजींना वाकून नमस्कार. (दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरली आहे, त्यामुळे वाकले ते मनातल्या मनात, पण नमस्कारात काही कमी नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून वाजतो का? भावोजींची मान आता दोन्हीकडे वळायला लागली असेल अशी आशा करते. आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तेही लिहून टाकते. प्रत्यक्षात तुमचे बंधुराज माझ्याशी कामापुरतं बोलताहेत, मी कोणाशीच धड बोलत नाही, आणि अप्पा बॅग भरून पलंगाखाली ठेवून बसले आहेत.

त्या बॅगेबद्दलच लिहायचं आहे. परवा तुम्ही फोनवर मला विचारलंत, "तू अप्पांना काही बोललीस का?" आवाज चढवला असतात तर बरं झालं असतं, तुम्ही शांतपणे विचारलंत, म्हणून जास्त लागलं. अप्पा तुम्हाला म्हणाले म्हणे, की आता इथे माझं राहणं बरं नाही, मला तुझ्याकडे घेऊन चल. आणि भावोजी रविवारी गाडी घेऊन त्यांना न्यायला येणार. तुमच्या जागी मी असते तर मलाही हेच वाटलं असतं, की सुनेने तोंड सोडलेलं दिसतंय. मी त्या वेळी "नाही हो, तसं काही नाही" एवढंच पुटपुटले, कारण अप्पा भिंतीपलीकडे बसले होते. त्यांच्या डोळ्यांना समोरचा माणूस धूसर दिसत असला तरी कानांना भिंत आडवी येत नाही, हे तुम्ही लेक म्हणून लहानपणापासून भोगलेलं आहे. म्हणून हे पत्र, आणि तेही हाताने. ताई, मी अप्पांना एका शब्दाने दुखावलेलं नाही. जे झालं ते कीबोर्डमुळे झालं, आणि त्या कीबोर्डच्या मुळाशी भावोजी आहेत. (हे वाक्य त्यांना मोठ्याने वाचून दाखवलंत तरी माझी हरकत नाही.)

आता सगळं पहिल्यापासून सांगते, तेव्हा चहा घेऊन बसा. माझं काम तुम्हाला माहीत आहे. डॉक्टर लोक तपासण्या करून तोंडाने भराभर बोलतात, ते रेकॉर्डिंग माझ्याकडे येतं, आणि मी कानाला हेडफोन लावून, पायाखालच्या पट्टीने ते थांबवत-चालवत, त्याचा रिपोर्ट टाइप करते. (काही डॉक्टर खाता खाता बोलतात. एकदा मी "कुर्रम" हाही एखादा आजार असेल म्हणून पुस्तकात शोधत बसले होते.) तर माझा जुना चपटा कीबोर्ड म्हातारा झाला. बटणांखालचं रबर गेलं, स्पेसबार एका अंगाने लंगडायला लागला, आणि अक्षर उमटावं म्हणून मी इतका जोर लावायचे की मनगट दुखायला लागलं. मी तुमच्या भावाला एवढंच म्हटलं, की बाजारातून येताना एक साधा कीबोर्ड घेऊन या. साधा. हा शब्द मी दोनदा उच्चारला होता. त्यावर ते म्हणाले, थांब, भावोजींना विचारतो. तिथेच मी पुढे होऊन त्यांच्या हातातला फोन हिसकावून घ्यायला हवा होता.

भावोजींनी मला तासभर प्रश्न विचारले. तू बटण तळापर्यंत दाबतेस की अर्ध्यातून उचलतेस? दाबताना बोटाला मध्ये खट्टकन अडथळा लागलेला आवडतो, की लोण्यात सुरी जावी तसं जायला हवं? आवाज टणक हवा की खोल? बोटं बटणांवर टेकवून ठेवतेस की वर धरतेस? ताई, वीस वर्षांच्या संसारात मला कोणी एवढ्या आपुलकीने काय आवडतं ते विचारलेलं नाही, त्यामुळे सुरुवातीला मला भरून आलं. पण उत्तरं माहीत नव्हती. मी आजवर टाइप करताना बोटांकडे कधी पाहिलंच नव्हतं. काम होत होतं, ते मी करत होते. भावोजी म्हणाले, म्हणजे तुला तुझी आवडच माहीत नाही. आणि मग, आवड कळावी म्हणून, त्यांनी ती नमुन्यांची पेटी पाठवली.

ती पेटी म्हणजे एका पट्टीवर ओळीने बसवलेली रंगीबेरंगी बटणं. निळ्याला कट्टकन आवाज, तपकिरीला हलकासा गचका, लाल मुकाट्याने खाली जाणारं, आणि शिवाय एक मुद्दाम मुकं केलेलं. चहाच्या वेळी ती टेबलावर ठेवली आणि आमच्या घरातल्या लोकांनी, ज्यांतल्या एकालाही दिवसाला चार ओळी टाइप करायच्या नसतात, ती एकेका बोटाने दाबून आपापली मतं दिली. तुमच्या भावाला लाल आवडलं, कारण त्यांना लाल रंग आवडतो. तुमच्या भाचीने मुकं बटण नापास केलं, कारण ते कंटाळवाणं आहे. अप्पा मात्र खुर्ची ओढून नीट बसले, बाह्या वर केल्या, आणि डोळे मिटून एकेक बटण दाबत गेले. निळ्यावर आले तसे थांबले. पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. "यात जीव आहे," म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून कोणालाही दुसरं काही सुचवण्याचं धैर्य झालं नाही. अशा रीतीने माझ्या बोटांसाठीचा कीबोर्ड अप्पांच्या कानांनी निवडला, आणि माझं मत विचारायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

निळ्या बटणांचा तो कीबोर्ड भावोजींनीच पाठवला. आता खरं सांगायचं तर बोटांना तो सुखाचा होता. मनगट दुखायचं थांबलं. पण आवाज! खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात गाठून विचारलं, की तुम्ही शिवणकाम घेता का, माझे पडदे शिवायचे आहेत. तुमचे बंधुराज शेजारच्या खोलीत बसून पाणी तापवायच्या यंत्रांबद्दलच्या तक्रारी फोनवर ऐकून घेतात. त्यांच्या गिऱ्हाइकांना पलीकडून तो खडखडाट ऐकू जायचा आणि वाटायचं, वा, आपला शब्दन् शब्द लिहून घेतला जातोय. आठवडाभर यांच्या नम्रपणाची कंपनीत वाहवा झाली. मग एका आजोबांनी सगळं बोलून झाल्यावर म्हटलं, आता लिहिलंत ते वाचून दाखवा. यांच्यापुढे कोरा कागदसुद्धा नव्हता. तेव्हापासून यांचं माझ्याशी वागणं जरा बदललंच.

पण हे सगळं परवडलं असतं. अप्पा परवडले नाहीत. तुमच्या वडिलांनी सारा जन्म टायपिंगचा क्लास चालवला, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. त्याचा अर्थ काय ते मात्र निळा कीबोर्ड आल्यावर कळलं. ते वर्गाकडे पाठ करून खिडकीशी उभे राहायचे आणि मागच्या बाकावरची मुलगी कुठल्या बोटाने चुकली ते न वळता सांगायचे, अशी गोष्ट तुम्ही हसत हसत सांगता. ताई, मी आता त्या मागच्या बाकावर आहे. चूक झाली की मी बॅकस्पेस दाबते. ते बटण आकाराने मोठं, त्यामुळे त्याचा आवाज इतरांहून वेगळा, भरदार. पहिल्याच दिवशी अप्पांनी तो ओळखला. मी बॅकस्पेस दाबली की भिंतीपलीकडून यायचं, "चुकलं!" रागाने नव्हे हं. गाडी आली हे सांगावं तितक्या सहजपणे. कट्-कट्-कट्-कट्, ठक्, "चुकलं!" हेडफोनमधून डॉक्टर, बाहेरून अप्पा. एकदा माझ्या हातून रिपोर्टातच "यकृताला सूज, चुकलं" असं टाइप झालं आणि तसंच पुढे गेलं.

जेवायला बसलं की निकाल. आज उजवी करंगळी जड होती. दुपारनंतर डाव्या अनामिकेने आळस केला. मध्ये मोठा खंड का पडला? (मी नाक शिंकरत होते.) थांबायची सोय राहिली नाही. पाठ टेकवून घटकाभर डोळे मिटले की भिंतीपलीकडे खुर्ची करकरायची आणि प्रश्न यायचा, बरं वाटत नाही का? शेवटी मी शक्कल लढवली. मैत्रिणीचा निरोप वाचायचा होता, म्हणून एका हाताने फोन धरला आणि दुसऱ्या हाताने बटणांवर वाटेल तशी बोटं नाचवली. पलीकडे खुर्ची करकरली. मग अप्पा म्हणाले, "हे टायपिंग नव्हे. हे नुसतं वाजवणं आहे. शब्द असे येत नाहीत." मी फोन खाली ठेवला आणि निमूटपणे कामाला लागले. माझ्या वयाच्या बाईला स्वतःच्या घरात पकडलं गेल्याने कानाच्या पाळ्या लाल होण्याची वेळ येऊ नये, असं मला अजूनही वाटतं.

मग मी भावोजींना फोन केला. (माझी चूक. ती मी भिंतीपलीकडून कोणी न सांगता मान्य करते.) भावोजी हर्षाने म्हणाले, म्हणजे तुला तुझी आवड कळायला लागली! तपकिरी घे. तपकिरी म्हणजे सगळ्यांचं मन राखणारं बटण: बोटाला अडथळा लागतो, पण आवाज बेताचा. आवाज खरंच बेताचा होता. इतका बेताचा, की अप्पांना भिंतीपलीकडून नीट ऐकू येईना, म्हणून ते खुर्ची उचलून माझ्या दाराशी येऊन बसले. आता "चुकलं" थेट मानेच्या मागे यायला लागलं.

त्यानंतर लाल. भावोजींनी वर्णन केलेलं ते लोणी हेच. लोण्यात जाणारी सुरी कुठे थांबवायची हे त्यांनी सांगितलं नव्हतं. मी बोटं टेकवून ठेवते (हे मला तेव्हा कळलं), आणि लाल बटणाला टेकवलेलं बोट आणि दाबलेलं बोट यांतला फरक समजत नाही. डॉक्टर शब्द आठवत थांबले की मीही थांबायचे, आणि तेवढ्यात करंगळीखालून एकाच अक्षराची लांबलचक माळ निघायची. एका डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट परत पाठवून सौम्यपणे विचारलं, की रुग्णाच्या पोटात आपण उल्लेख केलेला हा नवीन अवयव कोणता? लाल बटणांचं कौतुक करणाऱ्या तुमच्या बंधुराजांना मी ते पत्र वाचायला दिलं. ते म्हणाले, रंग मात्र छान आहे.

तेव्हा माझा तोल गेला आणि मी स्वतः, कोणालाही न विचारता, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने, मुकी बटणं मागवली. आणि तो निळा कीबोर्ड मूळ खोक्यात घालून, तुमच्याकडे येणाऱ्या भावोजींच्या मित्राच्या हाती परत केला. सोबतच्या चिठ्ठीत मी जे लिहिलं होतं, की "हे यंत्र आपल्याकडेच शोभेल, आपल्यालाही कोणीतरी दाराशी बसून ऐकू दे," त्याबद्दल भावोजींनी मनाला लावून घेतलं नसेल अशी मला त्या वेळी खात्री होती. आता तेवढी नाही. याचं कारण पुढे येईल.

मुका कीबोर्ड म्हणजे ताई, स्वर्ग. बोटं खाली जातात, वर येतात, पडद्यावर अक्षरं उमटतात, आणि खोलीत पंख्याखेरीज कशाचा आवाज नाही. बॅकस्पेस मनसोक्त दाबली. पूर्ण ओळ चुकवून पूर्ण ओळ पुसली, केवळ हौस म्हणून. पलीकडून शब्द नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अप्पांनी खुर्ची उचलून परत आपल्या खोलीत नेली. अधूनमधून माझं दार हळूच उघडायचं, अप्पा आत बघायचे, मी हेडफोन लावून निश्चल बसलेली दिसायचे, आणि दार तसंच हळूच बंद व्हायचं. मला वाटलं, चला, सुटले.

पण मग अप्पांचं वागणं बिघडलं, आणि ते मला फार उशिरा दिसलं. त्यांनी दुपारचा चहा सोडला. विचारलं तर म्हणाले, पित्त होतं. जन्मभर कधी झालं नाही ते. मग पेपरवाल्याला सांगून पेपर बंद केला. दिसत नाही तर घ्यायचा कशाला, म्हणाले. (मोठे मथळे दिसतात त्यांना. तुमची भाची उरलेलं वाचून दाखवायची.) आपल्या खोलीतला दिवा सांजवेळ उलटली तरी लावेनात. जेवताना भाजी पुढे केली की "तू घे, तुला लागेल." ज्या माणसाने महिनाभर माझ्या करंगळीचे वाभाडे काढले, तो खालच्या बाईंपुढे जिन्यात उभा राहून माझी स्तुती करताना मी माझ्या कानांनी ऐकला. मला काय वाटावं? मला वाटलं, रुसलेत. निळा कीबोर्ड परत पाठवला म्हणून म्हातारा रुसला आहे आणि मला टोमणे मारतो आहे. मीही मग फुरंगटून बसले. घरात दोन माणसं एकमेकांवर रुसून अतिशय सभ्यपणे वागत होती, आणि तुमचे बंधुराज म्हणत होते, घरात हल्ली किती शांत वाटतं नाही!

मग बॅग निघाली, मग तुमचा फोन आला. आणि काल मी काही कागदांच्या प्रती काढायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले, तर दुकानदार अवघडून म्हणाला, वहिनी, रागावू नका, पण तुमचे सासरे येऊन गेले. मी म्हटलं, त्यात रागवायचं काय? तर म्हणाला, काम मागायला आले होते. टायपिंगचं. माझ्या कीबोर्डवर बसले, डोळे वर करून पानभर टाइप करून दाखवलं, एक चूक नाही. आणि म्हणाले, सुनेची नोकरी गेली आहे, ती बिचारी घरात कोणाला कळू नये म्हणून रोज कानाला लावून नुसती बसून राहते, मी आयतं खात बसणं बरं नव्हे.

ताई, मी प्रती न घेताच घरी आले. येताना सगळं एकेक करून जुळत गेलं: चहा, पेपर, दिवा, भाजी. ज्या माणसाला पडदा दिसत नाही आणि ज्याने सारा जन्म काम कानांनी ऐकलं, त्याच्या दृष्टीने आवाज बंद म्हणजे काम बंद. त्याने माझं गुपित राखलं. मुलालासुद्धा सांगितलं नाही, कारण माझी मान खाली जाईल. आणि स्वतःच्या जेवणाचा भार तुमच्याकडे हलवायला निघाला. मी जिन्यात बसून रडले, हे इथे लिहून टाकते, कारण तोंडाने मी ते कबूल करणार नाही.

घरात येऊन अर्थातच मी त्यांना सांगितलं, की अप्पा, नोकरी आहे, कीबोर्ड मुका आहे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हो हो. होईल सगळं नीट." मी त्यांना ओढत नेऊन पडदा दाखवला, म्हणाले, छान आहे. त्यांचं बोट धरून मुक्या बटणांवर ठेवलं. त्यांनी दाबलं, वाट पाहिली, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू ही पोर आता खेळण्यावर टाइप करते आहे. तुमच्या भावाने समजावलं, तर त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, तिला उघडं पाडू नकोस. मी कचेरीतल्या बाईंना फोन लावून अप्पांच्या कानाला दिला. बाई म्हणाल्या, कामावर आहे हो त्या, उत्तम काम करतात. अप्पांनी फोन परत दिला आणि म्हणाले, मैत्रीण फार चांगली मिळाली आहे तुला. त्यांच्यापुढे मी हात टेकले आहेत.

तेव्हा आता तुम्हाला कळलं असेल, की मी काही बोलले नाही, आणि तेच नडलं. अप्पांनी जाऊ नये. हे मी सून म्हणून शोभतं म्हणून म्हणत नाही. मला ते भिंतीपलीकडे हवे आहेत. ते नाहीत तर ती नुसती भिंत आहे. भावोजींना माझे मनःपूर्वक नमस्कार सांगा. तुमच्या गुडघ्याला शेक देत जा. धाकटीला गोड पापा.

तुमची, कीबोर्डने गांजलेली,
भावजय

ता. क.: रविवारी भावोजींनी अवश्य यावं, पण न्यायला नव्हे, द्यायला. तो निळा कीबोर्ड अजून तुमच्याकडे असेल (फेकला नसेल ना? कोणाला देऊन तर टाकला नाही ना?), तर तो घेऊन या. नवा मागवायची सोय नाही: दारात खोकं आलेलं ऐकून अप्पा म्हणतील, नोकरी नाही आणि खरेदी चालू आहे. कपड्यांच्या गाठोड्यात गुंडाळून आणा. त्या चिठ्ठीबद्दल मी भावोजींची माफी मागते, आणि ते मला पुन्हा काय आवडतं म्हणून विचारू लागले तर या खेपेला मुकाट्याने ऐकून घेईन. सांगा त्यांना, कळली एकदाची मला माझी आवड.

दुसरा ता. क.: वरचं लिहीत असताना अप्पा दार उघडून डोकावले. कागदावर पेन चाललेलं त्यांना ऐकू आलं असणार. मग आपल्या खोलीत जाऊन त्यांचं ठेवणीतलं पेन घेऊन आले, माझ्यापुढे ठेवलं आणि हळूच म्हणाले, "अर्ज चांगल्या पेनाने लिहावा." यापुढचं पत्र त्याच पेनाने आहे. तुम्हीही भावोजींबरोबर या; गाडीतून येताना गुडघ्याखाली उशी घ्या, पण रविवार चुकवू नका.

तिसरा ता. क.: भावोजी म्हणाले होते, की त्या कीबोर्डचं कुठलंही बटण उपसून त्याखाली दुसऱ्या जातीचं बसवता येतं. तसं असेल तर कृपा करून एकट्या बॅकस्पेसखाली मुकं बटण घालून आणायला सांगा. बाकी सगळं खुशाल वाजू दे. अप्पांनाही वाटू दे, सून सुधारली.

शेवटचा ता. क.: वरचं रद्द समजा. बॅकस्पेस आहे तशीच वाजू द्या. माझं इतकं बिनचूक ऐकलं, तर अप्पा पुन्हा म्हणतील, ही काम करत नाही, नुसतं वाजवते आहे, आणि बॅग काही उघडायची नाही.